जठारपेठेत नाव विचारताना

अकोल्याच्या जठारपेठेचे नाव परगावच्या मनुष्याने प्रथम ऐकले म्हणजे तो बहुधा एकदा तरी ‘जठरपेठ’ असे म्हणतो. ज्याने थोडेबहुत संस्कृत वाचले आहे त्यास जठर म्हणजे पोट हाच अर्थ आधी सुचावयाचा. आणि पेठेत खाण्यापिण्याच्या दुकानांची वाण नसल्यामुळे तो अर्थ अगदीच गैरलागूही वाटत नाही. परंतु एका कान्याने सारा अर्थ पालटतो. जठार हे आडनाव आहे, आणि आमची पेठ त्या आडनावाने ओळखली जाते.

आमचे सगळे शहरच असे नावांनी भरलेले आहे. मोर्णा नदीच्या एका अंगास असदगडाच्या आश्रयाने वसलेले जुने शहर; त्या गडास नाव औरंगजेबाच्या अमदानीतील असदखानाचे. गावाचे नाव अकोलसिंग नावाच्या पुरुषावरून पडले, अशी परंपरा सांगते. नदीच्या दुसऱ्या अंगास वस्ती वाढत गेली, तिच्यात रामदासपेठ आहे, रतनलाल प्लॉट आहे, रणपिसेनगर आणि तापडियानगर आहे. ऑटोरिक्षावाल्यास पत्ता सांगताना आपण चार माणसांची नावे घेतो, तेव्हा कोठे आपल्या दाराशी पोहोचतो. या नावांत बाईचे नाव शोधावयाचे म्हटले तर मात्र पुष्कळ चालावे लागते.

पेठेत नवे बिऱ्हाड आले म्हणजे त्यास नाव विचारण्याचा एक ठरलेला विधी आहे. “आपले नाव काय?” हा पहिला प्रश्न. त्यास उत्तर म्हणून नुसते नाव मिळाले तर विचारणाराचे समाधान होत नाही, “पूर्ण नाव?” असा दुसरा प्रश्न येतो. त्यामागून “मूळ गाव कोणते?” आणि गाव कळले की “म्हणजे मूर्तिजापूरच्या अमक्यांचे तुम्ही कोण?” चौथ्या प्रश्नापर्यंत ओळखीचा धागा सापडलाच पाहिजे. न सापडला तर दोन्ही पक्षांस चुकल्याचुकल्यासारखे होते आणि चहाचा पेला अंमळ लवकर रिकामा होतो.

आसपासच्या खेड्यांतून बाजारास येणारा मनुष्य हेच काम वऱ्हाडीत अधिक थोडक्यात उरकतो. पोरास तो नाव विचारीतच नाही. “कोनाचा व्हय गा तू?” एवढेच विचारतो, आणि पोरगेही आपले नाव न सांगता बापाचे सांगून मोकळे होते. पोराचेच नाव हवे असेल तर प्रश्न होतो, “तुले काय म्हन्तेत?” वाचकांनी हा प्रश्न लक्षात ठेवावा, त्याचे पुढे काम पडणार आहे.

बायकांचा विधी निराळा. त्यांच्यात “माहेर कुठले?” हे आवर्जून विचारले जाते, आणि त्यावरून धागेही पुरुषांच्या आधी जुळतात. परंतु प्रत्यक्ष नाव? आमच्या पिढीच्या शेजारणी तीसतीस वर्षे एकमेकींकडून विरजण नेत आल्या, बाळंतपणे आणि आजारपणे त्यांनी एकमेकींची काढली. आणि तरीही ‘अमक्याच्या आई’, ‘तमक्यांच्या काकू’ यांपलीकडे एकमेकींचे नाव त्यांस ठाऊक नसावयाचे. नवऱ्याचे नाव बायकोने घ्यावयाचे ते उखाण्यात. तिचे स्वतःचे नाव घेण्यासाठी मात्र उखाण्याचीही सोय कोणी केलेली नाही.

या रोजच्या विधीकडे मी नव्याने पाहू लागलो त्यास निमित्त झाले एका परकी भाषेच्या धड्याचे. माझी नात स्पॅनिश शिकत आहे. सुमारे वीस देशांची ती राजभाषा आहे. ‘डॉन क्विक्झोट’ लिहिणाऱ्या सर्व्हांटिसच्या नावाची जी संस्था स्पेनच्या सरकारने ठिकठिकाणी चालविली आहे, तिची एक शाखा २००९ साली दिल्लीसही उघडली. आमच्या घरी हा अभ्यास संध्याकाळी दिवेलागणीनंतर चालतो. मी जवळच वाचीत बसलेला असतो, आणि उजळणी कानावर पडते.

पहिला धडा अर्थात् नाव विचारण्याचा. “कोमो ते यामास?” असे एकाने विचारावयाचे. दुसऱ्याने “मे यामो अमुक” असे सांगावयाचे, आणि “इ तू?” म्हणजे “आणि तू?” असे उलट विचारावयाचे. मग पहिल्याने आपले नाव सांगून “मुचो गुस्तो” म्हणजे “फार आनंद झाला” असे म्हणावयाचे. येथे धडा संपतो. आडनाव नाही, गाव नाही, कोणाचे कोण हा विचार नाही. मी नातीस म्हटले, “एवढ्याने ओळख झाली?” ती म्हणाली, “आजोबा, पहिल्या दिवशी एवढीच होते.”

जन्मभर मुलांस शब्द चालवावयास लावण्यात गेला, त्यामुळे मी त्या वाक्यांची फोड तिच्याकडून करवून घेतली, आणि मौज वाटू लागली. ‘तू’ हा शब्द तर जसाच्या तसा आपला. लॅटिनचा ‘तू’, संस्कृतचा ‘त्वम्’ आणि मराठीचा ‘तू’ ही एका घरची भावंडे. नावास ते ‘नोंब्रे’ म्हणतात, तो लॅटिनच्या ‘नोमेन’ शब्दाचा वंशज, आणि ‘नोमेन’ हा आपल्या ‘नामन्’ शब्दाचा सख्खा भाऊ. ‘गुस्तो’ म्हणजे रुची, आवड. त्याचा संबंध भाषापंडित संस्कृतातील ‘जुष्’ म्हणजे प्रीतीने सेवन करणे या धातूशी जोडतात. इतक्या दूर जाऊन हे शब्द इतके ओळखीचे निघावेत याचे नवल वाटते. परगावी गेल्यावर आपल्याच आळीतला मनुष्य भेटावा तसे ते झाले.

परंतु खरी मौज क्रियापदात आहे. ‘यामार’ म्हणजे हाक मारणे. लॅटिनमधील ‘क्लामारे’ म्हणजे ओरडून बोलावणे, त्यावरून ते आले. तेव्हा “कोमो ते यामास?” याचा शब्दशः अर्थ “तू स्वतःस कशी हाक मारतोस?” असा होतो, आणि “मे यामो” म्हणजे “मी स्वतःस अमुक म्हणतो.” क्रियेचे फळ कर्त्याकडेच परत येते. आत्मनेपदाचा मूळ अर्थ विद्यार्थ्यांच्या गळी उतरविण्यासाठी मी पूर्वी नाना दाखले शोधीत असे. हा एक दाखला तेव्हा हाती असता तर बरे झाले असते.

वडीलधाऱ्यांशी बोलताना ‘तू’ चालत नाही, तेथे ‘उस्तेद’ येते. “कोमो से यामा उस्तेद?” हा शब्द म्हणजे ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या दरबारी संबोधनाचा झिजून राहिलेला अवशेष आहे. आणि त्याचे क्रियापद द्वितीय पुरुषी न येता तृतीय पुरुषी येते. ज्याने ‘भवान् गच्छति’ पाठ केले आहे त्यास हे समजाविण्याची गरज नाही. समोरच्या थोर मनुष्याकडे बोट न दाखविता, तो जणू थोडा दूर उभा आहे अशा रीतीने त्याचा उल्लेख करावयाचा, ही अदब दोन्ही भाषांस सुचली. शिवाय देशोदेशी तिच्या तऱ्हा वेगळ्या: स्पेनात आजकाल अनोळखी मनुष्यासही पुष्कळदा ‘तू’ म्हणतात, तर कोलंबियाच्या काही भागांत घरच्या घरीही ‘उस्तेद’ चालते. आपल्याकडे आईस ‘तू’ आणि वडिलांस ‘तुम्ही’ म्हणणारे घर आणि दोघांसही ‘तू’ म्हणणारे घर एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे नांदते, तसेच हे.

आता तो वऱ्हाडी प्रश्न आठवावा. “तुले काय म्हन्तेत?” यातही धातू म्हणण्याचाच आहे. फरक कर्त्याचा. स्पॅनिश मनुष्य स्वतःस म्हणतो. आम्हांस लोक म्हणतात. तेथे नाव देणारा आपल्या तोंडाने आपणास उभे करतो, येथे चारचौघांनी जे ठरविले असेल ते तो सांगतो. मी यात एक बरे आणि दुसरे वाईट असे म्हणत नाही. आमच्या वऱ्हाडास तर दोन्ही प्रकार ठाऊक आहेत. शेगावास १८७८ साली जे सत्पुरुष प्रकट झाले त्यांनी आपले नावगाव कोणास सांगितले नाही. गजानन महाराज हे नाव लोकमुखातून रूढ झाले. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर हातात मातीचे गाडगे घेऊन फिरले आणि लोकांनी त्यांस गाडगेबाबा केले. उलट त्याच जिल्ह्यातील प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांनी (१८८१–१९१५) स्वतःस ज्ञानेश्वरकन्या म्हणविले. शतकांमागे होऊन गेलेल्या ज्ञानेश्वरांस पिता मानून त्यांनी स्वतःस कन्येचे नाव दिले. “मे यामो” याचा याहून धीट दाखला मला तरी दुसरा ठाऊक नाही.

नाव झाले, आता आडनाव. नातीच्या पुढच्या एका धड्यात ते आले, आणि तेथे माझे कुतूहल नुसत्या शब्दांपुरते राहिले नाही. स्पेनमध्ये मनुष्यास दोन आडनावे असतात. रूढ रीतीने पहिले बापाचे आणि दुसरे आईचे, म्हणजे आईच्या माहेरचे. स्त्री लग्न झाल्याने आपली आडनावे सोडीत नाही. जन्मतः मिळालेले नाव ती अखेरपर्यंत चालविते. विख्यात कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस, ज्यांस १९८२ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांच्या नावात गार्सिया हे वडिलांचे घराणे आणि मार्केस हे आईचे. चित्रकार पिकासो १८८१ साली जन्मला तो रुईस या बापाचा मुलगा. पिकासो हे त्याच्या आईचे आडनाव, आणि जगाने त्यास त्याच नावाने ओळखले. कोणते आडनाव आधी लावावे हे आईबापांनी संमतीने ठरविण्याची मुभा स्पेनच्या कायद्याने या शतकाच्या आरंभी दिली, आणि २०१७ पासून बापाच्या आडनावास आपोआप मिळणारा अग्रमानही काढून टाकला.

हे सर्व फार दूरचे वाटत असेल तर जवळचा दाखला देतो. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ साली निघाले, आणि तेव्हापासून किती मराठी घरांतील मुले तेथे शिकून आली असतील. ज्यांच्या नावाने ते चालते ते फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास उतरले. ते मूळचे स्पेनमधील नवारा प्रांताचे. त्यांच्या वडिलांचे आडनाव हासो आणि आईचे आस्पिलिकुएता. झेवियर हा तर आईकडून वारशाने आलेला किल्ला. त्या शब्दाचा बास्क भाषेतील अर्थ ‘नवे घर’ असा सांगतात. म्हणजे दीडशे वर्षे आपण ज्या नावाचा उच्चार करीत आलो ते एका मातेच्या माहेरघराचे नाव आहे. त्याच कॉलेजात इतिहास शिकविणारे आणि १९२६ साली संशोधनसंस्था उभारणारे स्पॅनिश पाद्री हेरास यांचेही पूर्ण नाव हेरास दे सिकार्स असे दोन घराण्यांचे होते. आपण त्यांतील एकच घेतले आणि दुसरे गाळले, कारण आपल्या कानास एका मनुष्यास दोन घराणी असण्याची सवय नाही.

परंतु ही सवय आपणांस कधीच नव्हती काय? ज्यांनी पाणिनीचे तद्धित प्रकरण वाचले आहे ते जाणतात की अपत्यार्थी प्रत्यय पित्याच्या नावास लागतो तसा मातेच्याही नावास लागतो. दशरथाचा दाशरथी, तसा सुमित्रेचा सौमित्रि. पंडूचा पांडव, तसा कुंतीचा कौंतेय. स्पॅनिशमध्ये रोद्रिगोचा रोद्रिगेस, फेर्नांदोचा फेर्नांदेस, असा प्रत्यय पित्याच्याच नावास लागलेला आढळतो. या एका बाबतीत आपली जुनी भाषा त्यांच्याहून उदार होती.

महाराष्ट्रावर राज्य करणाऱ्या सातवाहनांचेच पाहा. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी, ही त्या राजांची शिलालेखांतील नावे आहेत. गौतमी आणि वासिष्ठी ही मातांची गोत्रावरून आलेली नावे. म्हणजे राजाच्या नावात आईचे घराणे आधी उच्चारले जाई आणि मग त्याचे स्वतःचे नाव येई. नाशिकच्या लेण्यातील प्रसिद्ध लेख कोरविला तोही गौतमी बलश्री या राजमातेने.

आणखी जवळ येऊ. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर हे महानुभावांचे थोर क्षेत्र आहे. आता तेथे मराठी भाषेचे विद्यापीठही स्थापन झाले आहे. त्या रिद्धपुरास वाकाटकांच्या घराण्यातील प्रभावतीगुप्ता हिचा ताम्रपट सापडला. ती दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या आणि दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. पती निवर्तल्यावर मुलांच्या नावे तिने राज्यकारभार पाहिला. वाकाटकांचे गोत्र विष्णुवृद्ध. परंतु आपल्या दानपत्रांत ही राणी स्वतःस धारण गोत्राची म्हणविते, आणि ते तिच्या माहेरचे गोत्र. नागकुळातील आपल्या आईचा, कुबेरनागेचा, उल्लेखही ती करते. दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, आमच्या याच प्रांतात, सासरची गादी सांभाळणाऱ्या एका स्त्रीस आपले नाव विचारले असता ती माहेर सांगत होती, आणि ते तांब्यावर कोरवून ठेवीत होती. “माहेरच्या गोत्राचे नाव कसले?” असे ज्यांस वाटते त्यांनी हा ताम्रपट अवश्य मनात आणावा.

आता आमच्या घरांकडे वळू. सून उंबरठ्यावरचे माप ओलांडून आत येते. लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरून अंगठीने तिचे नवे नाव लिहिले जाते. पेढे वाटले जातात. विधी गोड आहे यात शंका नाही, आणि त्यामागे तिला आपलीशी करण्याची हौस असते हेही खरे. परंतु त्या दिवशी आडनावाबरोबर पुष्कळ घरांत तिचे पहिले नावही जात असे. बाराव्या दिवशी आत्याने कानात सांगितलेले, शाळेच्या पटावर लिहिलेले, मैत्रिणींनी गल्लीतून हाक मारलेले नाव वीस-बावीस वर्षे वापरून ती माहेरी ठेवून येई. पुढे तिला त्या नावाने हाक मारणारी माणसे उरत ती आईबाप आणि भावंडे. ती एकेक करून जात. शेवटचे भावंड गेले म्हणजे ते नावही जाई, आणि त्याचे सुतक कोणी धरीत नसे.

हा केवळ भावनेचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. मतदारयाद्या तयार करणारे लोक घरोघर गेले, तेव्हा असंख्य स्त्रियांनी आपले नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढेच सांगितले. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी नाव सांगितल्याशिवाय नोंद नाही असा दंडक ठेवला. परिणामी देशातील सुमारे ८ कोटी स्त्री मतदारांपैकी सुमारे २८ लाख स्त्रिया मतास मुकल्या. त्या बहुतांशी उत्तरेकडील प्रांतांतल्या होत्या हे खरे. पण तेथील लज्जा आणि आपल्याकडील ‘अमक्याची आई’ यांत अंतर किती, ते ज्याने त्याने आपल्या माजघरात डोकावून ठरवावे. नाव सांगता न येणे म्हणजे मोजणीतून गळणे, हे त्या निवडणुकीने अंकांत दाखविले.

आडनावाच्या प्रश्नास दुसरीही एक धार आहे, आणि या मासिकाचे वाचक ज्या घरांतील आहेत त्या घरांनी ती जाणून घेणे बरे. आपल्याकडे “पूर्ण नाव काय?” हा प्रश्न पुष्कळदा जात विचारण्याची सभ्य तऱ्हा असते. खोली भाड्याने पाहावयास आलेल्या तरुणास पहिल्या नावावर थांबू दिले जात नाही. आपणांस तो प्रश्न टोचत नाही, कारण उत्तर देताना आपणांस कधी अडखळावे लागलेले नाही. ज्यास उत्तराबरोबर दाराची कडी वाजलेली ऐकू येते, त्यास विचारावे की तो प्रश्न कसा लागतो. याबाबतीत स्पेनचाही इतिहास निर्मळ नाही. तेथे १४४९ साली तोलेदो शहरात रक्तशुद्धीचा पहिला नियम झाला आणि पुढे कैक पिढ्या कुळाच्या शोधावरून माणसांस अधिकारपदे नाकारली गेली. दोन आडनावे असली म्हणजे शोध दोन्ही बाजूंनी घेता येतो, हाही त्याचा अर्थ! तेव्हा केवळ रीत चांगली असून भागत नाही. विचारणाऱ्याचे मन कसे आहे तेही पाहावे लागते.

हे मन कसे असावे याचा दाखला मात्र परदेशातून आणावयास नको. छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाची कथा आपल्या घरांत मुलांस सांगितली जाते. हारिद्रुमत गौतमांकडे तो शिकावयास गेला, आणि त्यांनी त्यास गोत्र विचारले. प्रश्न तोच, आमच्या पेठेतला, कोणाचा तू? मुलाने आईस आधीच विचारून ठेवले होते, आणि आईने त्यास सांगितले होते की तरुणपणी अनेकांच्या सेवेत राबताना मला तू झालास, तुझे गोत्र मला ठाऊक नाही. माझे नाव जबाला आहे, तुझे सत्यकाम. तेव्हा तू आपणास सत्यकाम जाबाल म्हणून सांग. मुलाने तसेच सांगितले. गुरूने त्या उत्तरावर दार लावून घेतले नाही. असे खरे बोलणारा अपात्र असूच शकत नाही, असे म्हणून त्यास समिधा आणावयास सांगितले. विचारणारा चांगला असला म्हणजे आईचे एकटे नावही पुरेसे होते, असे ही कथा सांगते. आपण ती शतकानुशतके वाचली. आणि अर्जाच्या कागदावर आईच्या नावासाठी रकाना ठेवावयास मात्र पुष्कळ उशीर लावला.

तो रकाना आता आला आहे. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये ठरविले की १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय कागदोपत्री लिहिताना आधी बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम असावा. स्पेनच्या रीतीत आणि या रीतीत भेद आहे. तेथे आईचे घराणे नावात येते, येथे आईचे स्वतःचे नाव येते. मला विचाराल तर आमची रीत मला अधिक जवळची वाटते. घराणे हे आईसही तिच्या बापाकडूनच मिळालेले असते. तिचे नाव हे तिचे एकटीचे.

काही वृद्ध मंडळींस ही लांबण वाटते. “नाव आहे की रेल्वेची गाडी?” असे एका स्नेह्यांनी मला विचारले. संध्येत ज्यांनी गोत्र, प्रवर, शाखा आणि सूत्र यांसह आपले नाव उच्चारण्याची सवय मुंजीपासून केली, त्यांस एक शब्द अधिक जड व्हावा हे नवलच. शिवाय “मुलाने नाव काढले” असे आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा ज्या बाईने त्याचे पाढे घेतले, ताप आला असता रात्री जागविल्या, तिचे नाव त्यात असू नये हे न्यायास धरून नाही.

कायदा कागदापुरता. बोलण्याची रीत आपल्या हातची आहे, आणि ती बदलण्यास खर्च काही नाही. जठारपेठेतील चार प्रश्नांचा विधी बंद करा असे मी म्हणत नाही. धागा शोधण्याची आमची हौस निष्पाप असते तेव्हा ती फार सुखाची असते. परक्या शहरात नोकरीस आलेल्या एकट्या मनुष्यास त्या चौथ्या प्रश्नानंतर घर मिळते. म्हणणे इतकेच की पहिल्या दिवशी पहिल्या प्रश्नावर थांबावे. समोरचा स्वतःस जे म्हणवितो ते ऐकावे, आनंद झाला म्हणावे, चहा द्यावा. बाकीचे तो आपण होऊन सांगेल. न सांगेल तर त्यावाचून शेजारधर्म अडत नाही.

आणि घरातल्या घरात एक गोष्ट करावी. ज्यांच्या घरी आई, आजी, काकू, आत्या आहेत त्यांनी एखाद्या निवांत संध्याकाळी त्यांस लग्नापूर्वीचे नाव विचारावे आणि लहान मुलांदेखत विचारावे. कोणी ठेवले, का ठेवले, कोण कशी हाक मारीत असे, हेही विचारावे. घरात कुलवृत्तांताची वही असेल तर तीत ‘अमक्याची पत्नी’ असे जेथे लिहिले असेल त्यापुढे ते नाव शाईने लिहून ठेवावे. वही नसेल तर पंचांगाच्या मागचे कोरे पान चालेल. पुष्कळ घरांत हे नाव सांगू शकणारी आता एकच व्यक्ती हयात असते. तिला विचारावयाचे ते या महिन्यातच विचारून घ्यावे.